समितीतील जागा आणि शेतातील माती

शास्त्रीय बाबतींत सरकारला सल्ला देणारी समिती नेमावयाची म्हणजे त्या त्या विषयातील तज्ज्ञ गोळा करावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु सभासदाची विद्वत्ता जितकी महत्त्वाची, तितकेच त्याला कोणी पाठविले आणि तो कोणास जबाबदार आहे हेही महत्त्वाचे असते. उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात हे खरे. पण कोणते प्रश्न विचारावयाचे हे बहुधा समितीच्या बैठकीतच ठरते. इंदूरच्या एका संशोधनसंस्थेचा इतिहास या दृष्टीने आम्हांस मननीय वाटतो.

अमेरिकन कापसावर सर्वस्वी विसंबून राहणे लँकेशायरच्या गिरण्यांना धोक्याचे वाटत होते. हिंदुस्थानात लांब धाग्याचा कापूस किती पिकविता येईल याची चौकशी करण्यासाठी सरकारने इ. स. १९१७ मध्ये मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या शिफारशीतून १९२१ मध्ये मुंबईस मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने तिला स्थैर्य लाभले आणि कापसाच्या गाठीमागे काही आण्यांचा उपकर तिच्या खर्चासाठी लावण्यात आला.

या समितीची घटना पाहण्यासारखी आहे. प्रांतांच्या शेतकी खात्यांचे अधिकारी तीत होते. मुंबईचे गिरणीमालक, कापसाचे व्यापारी, व्यापारी मंडळे यांचे प्रतिनिधी होते. कापूस पिकविणाऱ्यांनाही जागा होत्या. मात्र व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी त्याच्या मंडळाने निवडावयाचा, तर शेतकऱ्यांचा प्रतिनिधी प्रांतिक सरकारने नेमावयाचा. शेतकऱ्यांची तशी संघटित मंडळे फारशी नव्हती, हे त्याचे कारण सांगता येईल. तरीही परिणाम व्हावयाचा तो झालाच. उपकर कागदोपत्री गिरणीवाला किंवा निर्यातदार भरी. त्याचा काही भार भावाच्या रूपाने शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते. पण आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. धागा किती लांब, रुई किती स्वच्छ, असे प्रश्न अशा बैठकीत अग्रभागी यावेत यात नवल नाही.

१९२४ मध्ये या समितीचे अनुदान, मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेली ३०० एकर जमीन यांच्या आधारे इंदुरास 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक झाले. पुसा येथील दीर्घ नोकरीत त्यांना एक गोष्ट पटली होती : एकाने बियाणे, दुसऱ्याने कीड, तिसऱ्याने खत अशी शेतीची वाटणी केली की शेत कोणालाच दिसत नाही. शेतकरी आणि किडी यांनाच ते आपले गुरू मानीत. कापसाचा विचार जमिनीपासून व इतर पिकांपासून तोडून करता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता, आणि नव्या संस्थेत त्यांना तसे काम करण्याची मोकळीक मिळाली.

त्या मोकळिकीतून जे निष्पन्न झाले ते कापसापुरते राहिले नाही. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची 'इंदूर पद्धती' येथे सिद्ध झाली. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये तिच्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इंदूरचे नाव त्यामुळे परदेशांतील मळ्यांपर्यंत पोहोचले. कापसाच्या पैशातून मातीची विद्या निघाली!

यावरून समित्या निरुपयोगी ठरतात, असे आमचे म्हणणे नाही. मध्यवर्ती समितीचा पैसा नसता तर इंदूरची संस्थाही कदाचित झाली नसती. १९६६ मध्ये ती समिती बरखास्त झाली व तिचे संशोधनकार्य भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेले. परंतु मातीचा प्रश्न या कथेत पुढे आला तो एका संचालकाच्या स्वतंत्र वृत्तीमुळे. त्या प्रश्नासाठी बैठकीत राखलेल्या एखाद्या जागेमुळे नव्हे. असा संचालक लाभणे हा योग होय, आणि योगावर राज्यव्यवहार चालत नाही. म्हणून सभासदांची यादी करताना ज्ञानाची कसोटी लावावीच. पण ज्यांच्या जीविताशी त्या विद्येचा संबंध येतो, त्यांना आपला माणूस आपणच निवडता येतो की नाही, हेही पाहिले पाहिजे.