जुना लिनक्स कॉम्प्युटर मंदावतोय? आधी सिस्टम मॉनिटरचा खर्च तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, तो भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकून मुलांच्या अभ्यासाला किंवा दुकानाच्या हिशेबाला वापरणं केव्हाही चांगलं. इस्राफ टाळण्याची शिकवण पाण्याला आणि अन्नाला लागू आहे, तशी ती चालत्या मशीनलाही लागू आहे.

पण दोन जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्सही कधी कधी अडखळतं. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात सतत आकडे दाखवणारा सिस्टम मॉनिटर तपासायला हवा. मशीनवरचा भार दाखवायला ठेवलेली वस्तू स्वतःच भार होऊन बसलेली असते. ती काढून टाकायची गरज नाही. तिने किती वेळा आणि काय विचारायचं, एवढं ठरवून दिलं की पुरतं.

ताकद खर्च कुठे होते?

लिनक्सचा कर्नल प्रोसेसर, मेमरी वगैरेंची माहिती 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमधून देतो. हे फोल्डर डिस्कवर नसतं. कुणी वाचायला गेलं की कर्नल त्या क्षणी आकडे तयार करून देतो. एखादा आकडा वाचायला फारसं काही लागत नाही. मात्र 'सर्वात जास्त प्रोसेसर खाणारे प्रोग्राम' अशी यादी लावली, तर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद उघडून पाहावी लागते. त्यावर आलेख, रंगीत कडी, पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर ते सगळं दरवेळी पुन्हा रंगवावं लागतं.

सगळ्यात महाग पडते ती बाहेरची कमांड. मॉनिटर एखादी स्क्रिप्ट चालवतो तेव्हा दरवेळी नवा प्रोग्राम सुरू होतो आणि संपतो. दर सेकंदाला एक स्क्रिप्ट म्हणजे तासाला ३,६०० वेळा!

आधी मोजा, मग बदला

टर्मिनल उघडून 'टॉप' ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत लिहा आणि एंटर दाबा. मोठं 'पी' दाबलं की प्रोसेसरप्रमाणे क्रम लागतो, मोठं 'एम' दाबलं की मेमरीप्रमाणे. ब्राउझर बंद ठेवून दोन-तीन मिनिटं पाहा. मशीन रिकामं असतानाही मॉनिटरचं नाव सारखं वर येत असेल, तर दुखणं तिथेच आहे. 'टॉप'मधून बाहेर पडायला 'क्यू' दाबा.

कॉन्की वापरत असाल तर

अँटीएक्स, एमएक्स लिनक्स, बन्सनलॅब्स यांसारख्या जुन्या मशीनवर चालणाऱ्या लिनक्समध्ये कॉन्की हा मॉनिटर आयताच मिळतो. त्याची सेटिंग साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. ही फाईल बहुतेक वेळा होम फोल्डरमध्ये लपलेली असते; फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते. आधी तिची एक प्रत काढून ठेवा, मग या क्रमाने बदल करा:

१. 'अपडेट इंटरव्हल' म्हणजे किती सेकंदांनी आकडे ताजे करायचे. तिथे १ असेल तर ५ करा. तासाच्या ३,६०० फेऱ्या ७२० वर येतात. घरच्या वापराला १० सेकंदही चालतात.

२. बॅटरीवर चालताना वेगळा वेळ देण्याची सोय आहे: 'अपडेट इंटरव्हल ऑन बॅटरी'. तिथे १५ किंवा ३० ठेवा.

३. मजकुरात 'एक्झेक' (ई-एक्स-ई-सी) शोधा. ही कमांड दर फेरीला चालते. तिच्या जागी 'एक्झेकआय' (शेवटी आय) लिहून पुढे सेकंद द्या. जी माहिती क्वचितच बदलते, तिला ३,६०० सेकंद पुष्कळ झाले.

४. कॉन्कीच्या स्वतःच्या सोयीतून जे मिळतं, त्यासाठी बाहेरची स्क्रिप्ट ठेवू नका. वेळ, तारीख, मेमरी, डिस्कची जागा, बॅटरी हे सगळं तो स्वतः दाखवतो.

५. प्रोग्रामची यादी आणि आलेख काढा. यादी हवीच असेल तर दहाऐवजी तीन ओळी ठेवा. लुआ स्क्रिप्टने काढलेली गोल कडी दिसायला छान, पण जुन्या मशीनला जड.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा 'टॉप'मध्ये पाहा. म्हणजे नेमका कशाने फरक पडला ते कळतं.

नमाजच्या वेळा आणि हिजरी तारीख

आपल्या घरांत कॉन्कीवर नमाजच्या वेळा दाखवण्याची हौस असते. हौस चांगली आहे, पण त्यासाठी स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी इंटरनेटवर जात असेल तर मशीन आणि डेटा दोन्ही वाया जातात. दिवसाच्या वेळा दिवसातून एकदा काढल्या की पुरे.

डेबियनवर आधारित लिनक्समध्ये 'आयटूल्स' हे पॅकेज मिळतं. त्यातली 'आयप्रेटाइम' ही कमांड गावाचे अक्षांश-रेखांश दिले की नमाजच्या वेळा काढते, तर 'आयडेट' हिजरी तारीख सांगते. दोन्हींना इंटरनेट लागत नाही. 'एक्झेकआय'मध्ये ३,६०० सेकंद देऊन त्या लावा. दिवसाला प्रत्येकी २४ फेऱ्या होतील.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत, इतरत्र बहुतेक हनफी. दोन्हींमध्ये असरची वेळ वेगळी येते, म्हणून आकडे आपल्या मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. हिजरी तारीखही गणिताने काढलेली असते. रमजान आणि ईद ठरते ती चाँद दिसल्याच्या घोषणेवरच.

इतर मॉनिटर

ग्नोमचा सिस्टम मॉनिटर काम झालं की बंद करा. आलेखांचं पान उघडं ठेवून बाकीची कामं करू नका. एक्सएफसीईच्या पॅनेलवरच्या लोड मॉनिटरमध्येही वेळ वाढवण्याची सोय त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे. 'एचटॉप'ला 'डी' हा पर्याय देऊन ५० लिहिलं तर तो ५ सेकंदांनी ताजा होतो, कारण तिथे आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात.

खूपच जुन्या मशीनवर कायमचा मॉनिटर नकोच. गरज पडली की 'फ्री' आणि 'टॉप' या कमांड चालवा, पाहा आणि बंद करा.

मेमरी 'भरलेली' दिसली म्हणून घाबरू नका

लिनक्स रिकामी रॅम फाईली लवकर उघडाव्यात म्हणून वापरतं, आणि प्रोग्रामला लागली की परत देतं. म्हणून 'फ्री' कमांडमध्ये 'अव्हेलेबल'चा रकाना पाहा. तो आकडा बरा असेल तर रॅमची अडचण नाही. तोच अगदी कमी असेल आणि स्वॅप सारखा वाढत असेल, तर मॉनिटर हलका करूनही पुरणार नाही. मग ब्राउझरचे टॅब कमी करा, किंवा मशीनमध्ये जागा असेल तर रॅम वाढवून घ्या. नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.