विकत घेतलेली दलदल

माझे वडील परतवाड्याच्या लाकूडडेपोत एका ठेकेदाराकडे मुनीम होते. मेळघाटातल्या कुपांमधून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांमधून, तोडलेलं सागवान ट्रकांनी खाली यायचं, डेपोत त्याच्या थप्प्या लागायच्या आणि लिलावाच्या दिवशी आमच्या गल्लीपर्यंत बोलीचा आवाज ऐकू यायचा. मी आठवीत होतो, साल १९७४. एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "आता आतलं जंगल वाघासाठी राखनार म्हनते. पैसाही बाहेरदेशातून येऊन राह्यला." बाहेरदेशातल्या माणसांना आमच्या मेळघाटातल्या वाघाचं काय पडलं आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. पुढे भूगोलाचा शिक्षक झालो, पक्षी बघायचा नाद लागला आणि वाचता वाचता त्या पैशाचा माग काढत मी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन पोचलो.

ग्वादालकिवीर नदी अटलांटिक महासागराला मिळते तिथे दोन्याना आहे. समुद्राच्या बाजूला सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे पाइनचं रान आणि त्यापलीकडे हिवाळ्यात पाण्यानं भरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी अफाट दलदल. युरोप आणि आफ्रिकेमध्ये ये-जा करणारे लाखो पक्षी इथे उतरतात. सरदार आणि राजे इथे शेकडो वर्षं शिकारीला येत, म्हणून ही जमीन नांगराखाली गेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र तिच्यावर दुहेरी संकट आलं. सरकारला तिथे निलगिरीच्या लागवडी हव्या होत्या आणि दलदलीचं पाणी काढून भातशेतीही करायची होती.

इंग्रजी पुस्तकं वाचली तर दोन्याना इंग्रजांनीच वाचवलं असं वाटेल. मला ते मान्य नाही. पहिला विरोध केला तो फ्रान्सिस्को बेर्निस आणि होसे अंतोनिओ व्हाल्व्हेर्दे या स्पॅनिश अभ्यासकांनी, आणि जमिनीच्या मालकांपैकी मौरिसिओ गोन्झालेस यांनी. फ्रँकोच्या हुकूमशाहीत थेट त्याच्याकडेच निवेदन पोचवायला काय धैर्य लागलं असेल! गाय माउंटफर्ट हा इंग्रज तिथे आला तो पाहुणा म्हणून. तो जाहिरातीच्या धंद्यातला माणूस, पण पक्ष्यांचा जाणकार. १९५२, १९५६ आणि १९५७ मध्ये त्यानं तिथे अभ्यासमोहिमा नेल्या. शेवटच्या मोहिमेत जुलियन हक्सली हा मोठा जीवशास्त्रज्ञही होता.

याच दोघांची नावं पुढे १९६१ साली वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांत दिसतात. त्यांच्यासोबत मॅक्स निकल्सन आणि चित्रकार पीटर स्कॉट. स्वित्झर्लंडमधल्या मॉर्झ या छोट्या गावात कचेरी उघडली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ची-ची या पांडावरून बोधचिन्ह ठरलं. काळ्या-पांढऱ्या रंगात छपाई स्वस्त पडते हाही विचार त्यामागे होता. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला डेली मिरर या लंडनच्या खपाऊ दैनिकानं पहिल्या पानावर गेंड्याचं मोठं छायाचित्र छापून वाचकांना मदतीची हाक दिली. काही दिवसांतच सुमारे ६०,००० पौंड जमले. जंगल कधी पाहिलं नसेल अशा साध्या वाचकांचे हे पैसे. वर्गणी म्हणजे काय हे आपल्याला गणपतीमुळे ठाऊक आहे, पण न पाहिलेल्या गेंड्यासाठी वर्गणी देणारी ती माणसं मला आजही थोर वाटतात.

अशाच देणग्यांतून, आणि स्पॅनिश सरकारच्या साथीनं, १९६३ साली दोन्यानातली सुमारे ७,००० हेक्टर जमीन विकत घेतली गेली. तिथे संशोधनकेंद्र उभं राहिलं, व्हाल्व्हेर्दे त्याचे पहिले संचालक झाले आणि १९६९ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याआधी त्या रानात पाइनची फळं वेचणारे, कोळसा पाडणारे, मधमाश्या पाळणारे लोक गवताच्या झोपड्यांत राहत. खरेदीच्या कागदावर त्यांचं नाव कुठून येणार? अलमोंते गावचे लोक मात्र अजूनही दरवर्षी २६ जूनला दलदलीत मोकळ्या सोडलेल्या घोड्या हाकत गावात आणतात. हा हक्क त्यांनी सोडला नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

माउंटफर्ट तिथे थांबला नाही. १९७२ साली तो दिल्लीत इंदिरा गांधींना भेटला आणि वाघांसाठी दहा लाख डॉलर उभे करायचं आश्वासन त्यानं दिलं. त्याच वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ निघाले होते. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं एकच होतं, ते म्हणजे मेळघाट. माझ्या वडिलांच्या ताटापर्यंत आलेली बातमी ती हीच.

गाभ्यातली तोड थांबली. वडिलांच्या ठेकेदारानं माणसं कमी केली, त्यात वडीलही गेले. त्यांनी पुढे किराणा दुकानात हिशेब लिहिले, पण वाघाला कधी दोष दिला नाही. मला जास्त सलतं ते मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचं. वाघाला कुला म्हणणारी, त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही माणसं. कूप तोडायला त्यांनाच बोलावलं होतं, आणि तोड बंद झाल्यावर जंगलाला धोका म्हणून बोट त्यांच्याकडेच वळलं. २००० नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं आतून उठून बाहेर आली. जंगल वाचायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. पण लंडनच्या वाचकानं दिलेल्या पैशाची पावती फाटली, कोरकूनं दिलेल्या गावाची नाही.

दोन्यानातही नुसत्या खरेदीनं भागलं नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये वरच्या अंगाला अझ्नालकोयार इथल्या खाणीचा बांध फुटला आणि विषारी गाळ ग्वादियामार नदीत उतरला. घाईनं घातलेल्या आडबांधांनी तो उद्यानाच्या तोंडाशी कसाबसा अडवला. त्याहून संथ आणि मोठं नुकसान चाललं आहे ते भोवतालच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांमुळे. बेकायदा विहिरी भूजल ओढतात आणि आतली तळी आटतात. सातबाऱ्यावर नाव लावून जमीन आपली होते, तिच्याखालचं पाणी होत नाही. जिच्यासाठी हे रान प्रसिद्ध ती आयबेरियन लिंक्स ही रानमांजर मात्र सावरली. २००२ च्या सुमारास शंभराच्या आत आलेली तिची संख्या २०२३ मध्ये दोन हजारांच्या वर गेली. माणसानं मनावर घेतलं तर काय होतं, याचा हा पुरावा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे.

पाणी मात्र सावरलेलं नाही. सांता ओलाया हे दोन्यानातलं बारमाही म्हणून ओळखलं जाणारं सर्वांत मोठं तळं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पूर्ण कोरडं पडलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पडलं.

तुम्ही मेळघाटात याल तेव्हा सेमाडोहला सिपना नदीच्या काठी थोडं थांबा. सोबतचा वाटाड्या बहुधा कोरकू असेल. वाघाबद्दल विचाराच, पण त्याच्या आजोबांचं गाव कुठे होतं तेही विचारा, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.