किनाऱ्यानंतरची वाट

आपल्याकडे वादळांचा इतिहास बंदरांवरून लिहिला गेला. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला, तोही खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झाले. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. इशारा म्हणजे बंदरावरचा बावटा. वादळाने किनारा ओलांडला की बावट्याचे काम संपे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यापासून विशाखापट्टणमचा किनारा सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. तिथे चढलेले वादळ आमच्याकडे येणार की नाही, हे कशावर ठरते?

त्यासाठी मी दोन वादळांचे मार्ग एकाच नकाशावर ठेवून पाहिले. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ विशाखापट्टणमला धडकले. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. दोन ठिकाणांत अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पण हुदहुद छत्तीसगडमार्गे उत्तरेला वळले आणि त्याच्या अवशेषांनी १४ तारखेला नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात बर्फ पाडले. चाळीसहून अधिक माणसे दगावली. गुलाब मात्र पश्चिमेला निघाले. तेलंगणातून मराठवाड्यात पोचले, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुढे अरबी समुद्रात त्याला पुन्हा बळ मिळाले आणि ‘शाहीन’ या नव्या नावाने ते ओमानवर आदळले. एक वाट कुडव्याच्या पूर्वेकडून गेली, दुसरी दक्षिणेकडून.

वादळ स्वतःच्या बळावर फारसे पुढे सरकत नाही. भोवतालचे वारे त्याला वाहून नेतात. जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवर उच्च दाबाचा पट्टा असतो. आपल्या गोलार्धात त्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. पट्टा वादळाच्या उत्तरेला भक्कम पसरलेला असेल, तर वादळ त्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेला ढकलले जाते. पश्चिमी वाऱ्यांतील कमी दाबाच्या द्रोणीने पट्ट्यात खिंड पाडली, तर वादळ त्या खिंडीतून उत्तरेला वळते. गुलाबला पहिली स्थिती लाभली, हुदहुदला दुसरी.

जमिनीवरच्या दाबमापकाला हा पट्टा नीट दिसत नाही. त्यासाठी उपकरणे बांधलेले फुगे वर सोडावे लागले. आज ते नागपूरहूनही सुटतात. बंदरावरून लिहिलेल्या इतिहासाची मर्यादा इथे कळते. वादळाचे भवितव्य ठरवणारी गोष्ट समुद्रात नव्हतीच.

आमच्याकडे ऑक्टोबरात हलके धान कापणीला येते. कापलेल्या कडपा दोन-चार दिवस बांधीतच वाळतात. त्यांवर पाऊस पडला तर दाण्याला कोंब फुटतात. म्हणून कुडव्याच्या शेतकऱ्याला वाऱ्याचा वेग सांगून भागत नाही. उत्तरेकडचा पट्टा टिकून आहे की फुटला, हे त्याला विळा हाती घेण्याआधी कळायला हवे.