मोर्चाची वेस कोणी आखावी?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहणाऱ्यांना मनाई हुकूम काही नवा नाही. सणवार आले, निवडणुका आल्या, की पोलीस आयुक्तांचा हुकूम निघतो: पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये, मिरवणूक काढू नये. आपण तो वाचतो आणि लोकल गाठायला धावतो. पण थोडे थांबा. घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने आपल्याला शांततेने, निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे ना? मग हा हुकूम त्या हक्काशी जुळतो कसा?

ही कथा नागपुरापासून सांगावी लागेल. जानेवारी १९५६ मध्ये तिथल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांत तेढ वाढली आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावले. कामगार पुढारी बाबुलाल पराते यांनी त्या कलमालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९६१ साली न्या. मुधोळकरांनी निकाल लिहिला. पराते हरले. दंगल होईपर्यंत सरकारने हात बांधून बसावे असे नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र कलम टिकले ते एका कारणाने: हुकूम तात्पुरता असतो, त्यात कारणे द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध दाद मागता येते.

दुसरा खटला अहमदाबादचा. तुम्ही म्हणाल, त्याचा ठाण्याशी काय संबंध? संबंध आहे. १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला, तेव्हा दोन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. हिंमतलाल शहांना रस्त्यावर सभेची परवानगी नाकारली गेली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सभांना शिस्त लावा. पण परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडणारा नियम चालणार नाही. तो नियम रद्द झाला.

हाच पेच अमेरिकेत फार नाजूक जागी उभा राहिला, गर्भपात करणाऱ्या दवाखान्यांच्या दारात. एकीकडे निदर्शकांचा आवाज, दुसरीकडे आधीच मनाने शिणलेली, वाट काढणारी बाई. कोलोरॅडोच्या कायद्याने दारापासून १०० फुटांच्या आत, संमतीवाचून कोणी ८ फुटांहून जवळ येऊन पत्रक देऊ नये वा उपदेश करू नये, असे ठरवले. २००० साली तो टिकला. मॅसॅच्युसेट्सने दाराभोवती ३५ फुटांचा पट्टाच बंद केला. २०१४ साली तो कोसळला. अडवणूक थांबवण्याचे सौम्य उपाय सरकारने आधी करून पाहिले नव्हते, हे त्याचे कारण.

पाहिलेत, सूत्र एकच आहे. दुसऱ्याची वाट अडवण्याचा हक्क निदर्शकाला नाही. आणि गरजेपेक्षा मोठी वेस आखण्याचा हक्क सरकारलाही नाही.

तेव्हा पुढचा मनाई हुकूम वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा: कारण काय, जागा किती, मुदत कधीपर्यंत? पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. एवढे माहीत असलेला नागरिक लोकल गाठायला धावला, तरी त्याचा हक्क मागे राहत नाही.