मोन्सँटोची गोष्ट: सॅकरिनपासून राउंडअपपर्यंत

"डॉक्टर, तणनाशकाने कॅन्सर होतो का?" "बीटी कपाशीच्या सरकीचे तेल खाल्लेले चालते का?" हे प्रश्न अनेकांच्या मनात असतात आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच नाव येते: मोन्सँटो. व्हॉट्सॲपवर या कंपनीबद्दल इतके काही फिरत असते की खरे कुठले आणि खोटे कुठले हे कळेनासे होते. म्हणून आज तिचा इतिहास क्रमाने पाहू. तुमच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरे या इतिहासातच आहेत.

सुरुवात गोड होती

1901 साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात जॉन क्वीनी या औषध व्यवसायातील माणसाने ही कंपनी काढली. नाव दिले पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून. पहिले उत्पादन होते सॅकरिन, म्हणजे मधुमेहाचे रुग्ण साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ. पुढे कॅफिन, व्हॅनिलिन आणि 1917 पासून ॲस्पिरिन आले. म्हणजे सुरुवातीची मोन्सँटो तुमच्याआमच्या औषधाच्या डब्याजवळचीच होती.

सॅकरिनचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवा. उंदरांना भरपूर सॅकरिन दिल्यावर त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, म्हणून 1977 साली अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला आणि पाकिटांवर धोक्याची सूचना छापली जाऊ लागली. नंतर समजले की त्या गाठी उंदराच्या लघवीच्या विशिष्ट घडणीमुळे होत होत्या आणि माणसात तसे घडत नाही. 2000 साली सॅकरिनचे नाव संशयितांच्या यादीतून काढले गेले. इथे संशय चुकीचा ठरला. दरवेळी मात्र असे झाले नाही.

ॲनिस्टनचा ओढा

1935 साली मोन्सँटोने एक कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर अलाबामा राज्यातील ॲनिस्टन गावचा पीसीबीचा कारखानाही आला. पीसीबी हे तेलासारखे रसायन ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरत. ते पेटत नाही, कुजत नाही, टिकते. उद्योगासाठी जो गुण, तोच शरीरासाठी शाप. पीसीबी चरबीत साठते, माशातून माणसात आणि आईच्या दुधातून बाळात जाते आणि वर्षानुवर्षे बाहेर पडत नाही.

1966 साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन यांनी निसर्गातील माशांत आणि पक्ष्यांत पीसीबी असल्याचे दाखवले. त्याच वर्षी ॲनिस्टनच्या ओढ्यात सोडलेले मासे काही सेकंदांत उलटे होऊन मरतात, हे कंपनीला तिच्यासाठी केलेल्या चाचणीतून कळले. गावाला ते सांगितले गेले नाही. लोक तिथले मासे खात राहिले, तिथल्या मातीत भाज्या पिकवत राहिले. उत्पादन 1977 पर्यंत चालले. पुढे कोर्टात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली आणि 2003 साली 70 कोटी डॉलरची तडजोड झाली. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पीसीबीला माणसात कॅन्सर करणारा पदार्थ म्हणूनच वर्गीकृत करते.

एजंट ऑरेंज

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलाची पाने झडावीत म्हणून विमानातून तणनाशक फवारले. ते बनवणाऱ्या अनेक कंपन्यांपैकी मोन्सँटो एक. त्यात 2,4-डी आणि 2,4,5-टी ही दोन रसायने होती. दुसरे बनवताना तापमान नीट सांभाळले नाही तर त्यात डायॉक्सिन तयार होते आणि ते अगदी अल्प प्रमाणातही घातक असते. 1949 साली वेस्ट व्हर्जिनियातील नायट्रो येथील मोन्सँटोच्या कारखान्यात झालेल्या अपघातानंतर कामगारांच्या अंगावर क्लोरॲक्ने हे चिवट पुरळ उठले होते. म्हणजे धोक्याची खूण युद्धाआधीच दिसली होती. 1984 साली सात कंपन्यांनी मिळून माजी सैनिकांसाठी 18 कोटी डॉलर दिले. व्हिएतनामी पीडितांचा अमेरिकेतील दावा मात्र 2005 साली फेटाळला गेला.

राउंडअप आणि बियाणे

1970 साली कंपनीचे शास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांना ग्लायफोसेटचा तणनाशक गुण सापडला आणि 1974 मध्ये ते 'राउंडअप' नावाने बाजारात आले. वनस्पतीत काही अमिनो आम्ले बनवणारे एक एन्झाइम असते, ग्लायफोसेट ते बंद पाडते. हे एन्झाइम माणसात नाही, म्हणून ते सुरक्षित समजले गेले. अडचण एवढीच होती की ते तणाबरोबर पीकही मारते. त्यावर उपाय म्हणून 1996 साली ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन आले. आता बियाणे आणि तणनाशक ही जोडी एकाच दुकानातून विकता येऊ लागली. बियाण्यावर पेटंट असल्याने पुढच्या हंगामासाठी घरचे बी राखून ठेवण्याची शेतकऱ्याची जुनी रीत करारभंग ठरली आणि खटले सुरू झाले.

आपल्याकडे मोन्सँटो आली ती जालन्याच्या वाटेने. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली उभ्या केलेल्या महिको कंपनीत तिने 1998 मध्ये 26 टक्के हिस्सा घेतला आणि मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. यात मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातलेले असते. त्यापासून बनणारे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात जाऊन तिथल्या विशिष्ट पेशींना चिकटते आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ते चिकटण्याची जागाच नाही. शिवाय शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यामुळे तेलाच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: बीटीमुळे घाबरण्याचे कारण नाही. 2016 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने केलेल्या मोठ्या आढाव्यातही जनुकीय बदल केलेले अन्न इतर अन्नापेक्षा जास्त धोक्याचे असल्याचा पुरावा मिळाला नाही. उंदरांच्या अंगावरील मोठ्या गाठींचे जे फोटो अजून फिरतात, ते 2012 च्या एका फ्रेंच शोधनिबंधातले आहेत. तो निबंध पुराव्याअभावी नियतकालिकाने पुढच्याच वर्षी मागे घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. 2017 च्या हंगामात विदर्भात तिने कपाशी पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे वेगवेगळ्या कंपन्यांची होती. पण फवारणी कमी होईल या आशेवर घेतलेले बियाणे लावूनही लोकांना पंप पाठीवर घ्यावाच लागला, ही खरी आरोग्याची बाब आहे. शेतकरी आत्महत्यांचा सगळा दोष बीटीवर टाकणे मात्र बरोबर नाही. त्या बीटीच्या आधीपासून होत होत्या आणि त्यामागे कर्ज, कोरडवाहू शेती आणि भाव ही कारणे आहेत.

मग कॅन्सरचे काय?

2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही, कॅन्सरचा धोका संभवत नाही असे म्हटले. एवढा विरोधाभास कसा? पहिली संस्था विचारते, "या पदार्थाने कॅन्सर होऊ शकतो का?" बाकीच्या विचारतात, "नेहमीच्या वापरात शरीरात जाते तेवढ्या मात्रेने होईल का?" प्रश्नच वेगळे आहेत. संशय आहे तो मुख्यतः नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा, आणि तोही वर्षानुवर्षे फवारणाऱ्यांच्या बाबतीत.

2018 साली कॅलिफोर्नियात शाळेच्या मैदानांवर फवारणी करणाऱ्या ड्वेन जॉन्सन यांनी खटला जिंकला. पुढे वरच्या कोर्टात भरपाईची रक्कम बरीच कमी झाली, पण निकाल टिकला. या खटल्यांत बाहेर आलेल्या ईमेलमधून दिसले की स्वतंत्र तज्ज्ञांच्या नावावर छापायचा मजकूर कंपनीच्या लोकांनी लिहिण्याची चर्चा होत होती. ग्लायफोसेटने कॅन्सर होतो हे यावरून सिद्ध होत नाही. पण 'ते सुरक्षित आहे' असे सांगणाऱ्या संशोधनावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उभा राहतो. जून 2018 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सँटो सुमारे 63 अब्ज डॉलरला विकत घेतली आणि ते नावच पुसून टाकले. खटले मात्र वारशाने आले: 2020 मध्ये बायरने तडजोडीसाठी 10 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जाहीर केली.

तुम्ही काय करावे?

सॅकरिनच्या वेळी भीती चुकीची होती, पीसीबीच्या वेळी दिलासा. त्यामुळे कंपनीचे नाव पाहून निकाल देऊ नका. कोणता पदार्थ, किती मात्रा, कोणाच्या अंगावर, आणि अभ्यासाचा खर्च कोणी केला, हे विचारा.

घरात कोणी फवारणी करत असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर मास्क आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ, हे सांभाळा. 2022 साली केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. अनधिकृत तणरोधक कपाशीसोबत ते सर्रास मारले जाते, तिथे धोका सर्वांत जास्त फवारणाऱ्यालाच.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. गावात याला 'औषध'च म्हणतात, म्हणून ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या आणि बाटली लेबलसकट सोबत आणा. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत आम्ही ॲट्रोपिन देतो. ग्लायफोसेटच्या विषबाधेवर ते उपयोगाचे नाही, त्यावर उताराही नाही, रक्तदाब, श्वास आणि मूत्रपिंडे सांभाळावी लागतात. कोणते रसायन पोटात गेले हे पहिल्या दहा मिनिटांत कळले, तर उपचार योग्य दिशेने सुरू होतात.