एका ‘जर’ची किंमत

१/ नोव्हेंबर २००६. अमेरिकेत एका पुस्तकाची घोषणा झाली आणि विक्री सुरू होण्यापूर्वीच ते मागे घ्यावे लागले. पुस्तकाचे नाव ‘इफ आय डिड इट’, म्हणजे ‘जर मी ते केले असते तर’. ते ओ. जे. सिम्पसन यांच्या नावावर निघणार होते.

२/ सिम्पसन हे अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू; पुढे जाहिराती आणि चित्रपटांमुळे घरोघरी परिचित झालेले. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्यांची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांची चाकूने हत्या झाली. आरोपी ठरले सिम्पसन.

३/ खटला दूरचित्रवाणीवर अवघ्या देशाने पाहिला. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्यूरीने सिम्पसन यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दाव्यात मात्र पुराव्याची कसोटी तुलनेने सौम्य असते. फेब्रुवारी १९९७ मध्ये तिथल्या ज्यूरीने त्यांना दोन्ही मृत्यूंस जबाबदार धरले. भरपाई ठरली एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर.

४/ निकाल लागला, वसुली होईना. सिम्पसन यांच्या निवृत्तिवेतनाला कायद्याचे संरक्षण होते. ते फ्लोरिडात राहायला गेले. त्या राज्यात राहत्या घरावरही सहसा जप्ती आणता येत नाही.

५/ अशा वेळी हे पुस्तक आले. हत्या ‘केली असती तर’ कशी केली असती, याचे त्यात वर्णन होते. जोडीला फॉक्स वाहिनीवर मुलाखत ठरली होती. मृतांच्या कुटुंबीयांसह सामान्य लोकही खवळले. काही स्थानिक केंद्रांनी मुलाखत दाखवण्यास नकार दिला. अखेर २० नोव्हेंबरला रूपर्ट मरडॉक यांनी दोन्ही प्रकल्प रद्द करून माफी मागितली.

६/ गुन्ह्याची कहाणी विकण्यावर कायद्याने बंदी का नाही? न्यूयॉर्कने १९७७ मध्ये तसा प्रयत्न केला होता. ‘सन ऑफ सॅम’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला खुनी आपली कहाणी विकेल, या भीतीतून झालेल्या त्या कायद्याने असा पैसा पीडितांसाठी राखून ठेवला जाई. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तो एकमताने घटनाबाह्य ठरवला.

७/ म्हणून गोल्डमन कुटुंबाने दुसरी वाट धरली: थकलेल्या भरपाईची. पुस्तकाचे हक्क सिम्पसन यांच्या मुलांच्या नावे असलेल्या एका कंपनीकडे होते. ती केवळ आडपडदा असल्याचे फ्लोरिडातील दिवाळखोरी न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केले आणि हक्क गोल्डमन कुटुंबाकडे आले.

८/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ते पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावरचा ‘इफ’ इतका बारीक केला की ‘आय डिड इट’ एवढेच डोळ्यांत भरावे. खाली उपशीर्षक: ‘खुन्याचा कबुलीजबाब’.

९/ निकोलची बहीण डेनिस ब्राउन यांनी या प्रकाशनालाही कडाडून विरोध केला. एका कुटुंबाच्या लेखी पुस्तक हे वसुलीचे आणि आरोपाचे साधन होते. दुसऱ्याच्या लेखी ते मृतांची विटंबनाच होते, मग पैसा कोणाच्याही हाती जावो. लोकक्षोभाने एक प्रकाशक माघारी फिरवला. या दोन दुःखांमधला वाद मात्र त्याला मिटवता आला नाही.

१०/ १० एप्रिल २०२४ रोजी सिम्पसन यांचे निधन झाले. तेव्हाही भरपाईचा बहुतांश भाग थकीतच होता.