करंगळीचा दम

जालना १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कुष्ठरोगावर एकट्या डॅप्सोनऐवजी दोन-तीन औषधं मिळून द्यावीत असं ठरवलं. त्या औषधांची पाकिटं जालन्यातल्या भोकरदन-जाफराबादच्या वाड्यांपर्यंत यायला वेळ लागला. तोवर आम्ही सर्वेक्षणवाले सायकलीवर डॅप्सोन वाटत हिंडायचो.

चट्टा कुणालाही दिसतो. मी आधी कोपर चाचपायचो. हाडाच्या खोबणीतली ती नस कातडीच्या अगदी खाली, म्हणून अंगापेक्षा थंड. जंतूला तेच मानवतं. बिघडली की सुतळीसारखी जाड लागायची. मग म्हणायचो, "मावशी, करंगळी बाहेर काढा. मी ढकलतो, तुम्ही दम धरा." दम नसला की समजायचं, नस आतून सुजली. बायकांना हे आमच्याआधी कळलेलं असायचं: कापूस वेचताना बोंडाचं टोक टोचलेलं कळत नाही, भाकरी थापताना करंगळी दुमडते. तव्याचा चटका तर फोड आल्यावरच दिसायचा.

बोटं जंतूने झडतात, हा समज गावाचा होता, तसा कित्येक डॉक्टरांचाही. वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी तो खोडला. न कळलेले चटके आणि जखमा बोटं खातात, हे त्यांनी दाखवलं. १९४८ पासून ते चालत्या स्नायूचा कंडरा वळवून वाकडी बोटं सरळ करायला लागले. मुंबईत जे. जे.मध्ये नोशीर अंटियांनी अशा हातांसाठी प्लास्टिक सर्जरी राबवली. मोठी कामं. तरी माझ्या मते ती नस गेल्यानंतरची. ती जाण्याआधी गाठणं हे सायकलवाल्याचं काम, आणि त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

तुटलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून तळहाताच्या स्नायूंपर्यंत पोचायला वर्ष जवळ येतं, तोवर स्नायू वाळत असतो. सुजलेल्या नसेचं गणित बरं: सहा महिन्यांच्या आत गाठली तर प्रेडनिसोलोनने सूज उतरून दम परत येऊ शकतो. तेव्हा रोज ४० मिलिग्रॅमपासून कमी करत बारा आठवडे. सोबत हात पाण्यात भिजवणं, तेल लावून बोटं दुसऱ्या हाताने सरळ करणं. "गोळीनं होईना, तेलानं काय होतंय?" असं एका म्हाताऱ्याने विचारलं होतं. नस येईपर्यंत सांधे आखडू नयेत म्हणून, एवढंच उत्तर होतं.

१९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वाचायला मिळालं की खराब नसेच्या जागी रुग्णाचाच प्रक्रिया केलेला स्नायू जोडून संवेदना परत आणायचा प्रयत्न झालाय. आमच्या उपकेंद्रात तेव्हा तपासणीचं हत्यार एकच, बॉलपेन.

डिसेंबर २००५ अखेर देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि निर्मूलन जाहीर झालं. औषधाचा कोर्स संपला की नाव रजिस्टरमधून कमी होतं. नस मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनीही सुजू शकते, आणि तेव्हा तिला चाचपायला घरी जाणारं कुणी नेमलेलं नसतं.